तासभर काळोख करून काय होणार?

काका,
मी दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावातल्या हायस्कूलला विज्ञान शिकवते. मार्चच्या शेवटच्या शनिवारी ‘अर्थ अवर’ म्हणून रात्री साडेआठ ते साडेनऊ अख्ख्या गावाने दिवे बंद ठेवायचे, असं आमच्या निसर्ग मंडळाच्या मुलांनी ठरवलंय. गाव तीनशे उंबऱ्यांचं. ग्रामपंचायत तयार आहे, पोस्टरं रंगवून झालीत, ‘एक तास अंधार, वाचवू वीज अपार’ अशी घोषणाही झालीय. घरी मात्र सासऱ्यांनी पार धुऊन काढलं. ते लाइनमन म्हणून निवृत्त झालेत. म्हणाले, “तासभर काळोख करून काय व्हनार हाय? आमी जल्मभर काळोखात खांबावं चढलो. उलट समद्यांनी एकदम बटणं दाबलीत तर ग्रीडवं ताण येतो, त्ये सांग तुज्या पोरांना.” मुलांसमोर मी गप्प बसले, पण मनात राहिलंय. वीज खरंच वाचते, की हा नुसता देखावा? कार्यक्रम करू की रद्द करू?
– एक विज्ञान शिक्षिका

बाई,

सासऱ्यांना आधी माझा नमस्कार सांगा. खांबावर आयुष्य काढलेल्या माणसाशी विजेवरून वाद घालायची माझी हिंमत नाही. म्हणून सुरुवात त्यांच्या बाजूने करतो.

प्रत्येक घरात त्या वेळी पाच बल्ब चालू आहेत असं धरा, ९ वॅटचे. घरामागे ४५ वॅट. हजार वॅट तासभर म्हणजे एक युनिट, तेव्हा तासभर बंद ठेवले की ०.०४५ युनिट. तीनशे घरांचे मिळून झाले साडेतेरा युनिट, तेही प्रत्येकाने अगदी प्रामाणिकपणे तास पाळला तर. आता तुमच्याच किनाऱ्यावरचं दहा खोल्यांचं एखादं रिसॉर्ट घ्या. दीड टनी एसी दहाही खोल्यांत चालू असतील तर तेवढी वीज तिथे तासाभरात उडते. आणि मार्चअखेरचा शनिवार म्हणजे खोल्या भरलेल्याच असणार. तेव्हा पोस्टरवरचा ‘अपार’ तेवढा खोडा. यमक गेलं तरी चालेल, मुलांना खोटा आकडा शिकवू नका.

ताणाच्या बाबतीत मात्र सासरे तुम्हाला उगाच घाबरवतायत. तीनशे घरांचे दिवे मिळून साडेतेरा किलोवॅट. एवढं तुमच्या गावातल्या १०० केव्हीएच्या डीपीलासुद्धा (म्हणजे ट्रान्सफॉर्मरला) जाणवणार नाही, ग्रीडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, गोष्टच सोडा. (डीपी तर सगळं बंद असलं तरी जागच्या जागी गुणगुणत थोडी वीज खात असतोच. रात्री शांततेत खाली उभं राहिलं की ऐकू येतं. सासऱ्यांना विचारा.)

त्यांच्या डोक्यात बहुतेक ५ एप्रिल २०२० ची रात्र असणार. टाळेबंदीत पंतप्रधानांनी रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवायला सांगितले होते, आठवतं ना? ग्रीड सांभाळणाऱ्यांनी अंदाज बांधला होता की मागणी बारा-चौदा हजार मेगावॅटने उतरेल. उतरली एकतीस-बत्तीस हजारांनी. नऊला दहा मिनिटं असताना देशाची मागणी सुमारे १ लाख १७ हजार मेगावॅट होती, नऊ वाजून दहा मिनिटांनी ८५ हजारांवर आली होती, आणि लगेच परत वर चढायला लागली. असला झोका कोळशाच्या संचाला झेपत नाही. बॉयलर म्हणजे गॅसची शेगडी नव्हे, बटण फिरवलं की मंद व्हायला. तो थोडा खाली आणता येतो, पण विझवून तासाभरात परत पेटवता येत नाही. त्या रात्री वाचवलं ते मुख्यतः पाण्याच्या विजेने. देशभरातली जलविद्युत साडेपंचवीस हजार मेगावॅटवरून पंचवीसेक मिनिटांत आठ हजारांपर्यंत खाली आणली आणि दिवे लागताच परत चढवली.

हे काम कसं चालतं ते आपल्या चिपळूणकरांना सांगायला नको. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळून समुद्रात जातं. जवळजवळ दोन हजार मेगावॅटचा हा कारभार मुळात संध्याकाळी राज्यभर दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात तेव्हा धावून जाण्यासाठीच वापरतात. झडप उघडली की मिनिटांत वीज, मिटली की पाणी धरणात शिल्लक. म्हणून ‘तासाभरात काहीच वाचत नाही’ हेही तंतोतंत खरं नाही. न वापरलेलं पाणी मागे राहतं, ते दुसऱ्या संध्याकाळी कामाला येतं. पण किती? त्या रात्रीच्या एकतीस हजार मेगावॅटना नऊ मिनिटांनी गुणलं तर सेहेचाळीस-सत्तेचाळीस लाख युनिट होतात. आकडा ऐकायला मोठा वाटतो. मात्र टाळेबंदीतही देशाचा दिवसाचा खप २५० कोटी युनिटच्या वरच होता. म्हणजे हजार युनिटमागे दोनसुद्धा वाचली नाहीत. अर्थात तेव्हा वीज वाचवा असं कुणी म्हणतच नव्हतं. हेतू वेगळा होता.

तुमचा जो मार्चचा कार्यक्रम आहे, त्याचं मूळ सिडनीत. ३१ मार्च २००७ ला डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेने तिथे पहिल्यांदा ‘अर्थ अवर’ केला आणि पुढच्या वर्षी तो जगभर गेला. हा प्रतीकात्मक कार्यक्रम आहे, वीजबचतीचा दावा नाही, हे ती मंडळी स्वतःच सांगतात. पोस्टरं रंगवताना आपण ते वाक्य गाळतो. दहा देशांमधल्या सहा वर्षांतल्या २७४ नोंदी गोळा करून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात मागणी सरासरी ४ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. काही ठिकाणी भरपूर उतरली, कुठे थोडी वाढलीसुद्धा. ४ टक्के, तेही वर्षातला एक तास.

आणखी एक. ही कल्पना जिथे चोवीस तास लखलखाट असतो तिथल्या लोकांची आहे. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की इन्सुलेटरवर साठलेलं खारं मीठ भिजतं, ठिणग्या उडतात आणि लाइट जाते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे चढलं, त्यानंतर तुमच्या दापोली-मंडणगडच्या कित्येक वाड्यांनी किती दिवस काळोखात काढले, हे तुमच्या वर्गातल्या मुलांना चांगलं आठवत असेल. त्यांच्या आजीला ‘काळोखाचं महत्त्व’ सांगायला गेलात तर ती काय म्हणेल? सासऱ्यांच्या बोलण्यात ही चीड आहे, बाई, आणि मला ती पटते.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही मोठ्या उत्साहाने तास पाळला होता. एक एक बटण कशाला, म्हणून साडेआठला थेट मेन स्विच पाडला. टक्क असा आवाज आला आणि सगळे दिवे परत लागले. इन्व्हर्टर! कोकणात घर आहे म्हटल्यावर इन्व्हर्टर आलाच, आणि तो बिचारा लाइट गेली समजून कामाला लागला. ते बंद करून ओटीवर अकरा मेणबत्त्या लावल्या. बायको म्हणाली, “हे काय, मीटरवरची वीज वाचवून आता मेणाचा धूर?” ती बरोबर होती. मेणबत्तीचं मेण म्हणजे पेट्रोलियमचंच भावंड. एक साधी मेणबत्ती तासाला पाच-सहा ग्रॅम मेण जाळते आणि त्याचा पंधरा-अठरा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्या ग्रीडवर एका युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आसपास धरतात, म्हणजे ९ वॅटच्या बल्बचा तासाचा वाटा सहा-सात ग्रॅम. एक मेणबत्ती लावली की दोन-अडीच बल्ब लावल्यासारखं, आणि उजेड एका बल्बच्या पन्नासावा हिस्सासुद्धा नाही. त्याच रात्री समोरच्या रिसॉर्टमध्ये पृथ्वी वाचवण्यासाठी कॅन्डल लाइट डिनर चाललं होतं. हिरवळीवर काळोख, टेबलांवर मेणबत्त्या आणि मागे खोल्यांचे एसी घरघरतायत, कारण पाहुणे जेवून आले की खोली गार हवी.

मग वीज वाचते कशाने? तेवढाच उजेड कमी विजेत मिळाल्याने. ५ जानेवारी २०१५ पासून ‘उजाला’ योजनेत सरकारने घाऊक खरेदीतून एलईडी बल्ब वाटले. २०१४ ला जो बल्ब सरकारला तीनशे दहा रुपयांना पडत होता, तो २०१६ पर्यंत अडतीस रुपयांवर आला. देशभर ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. तुमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर साठचा पिवळा बल्ब पाहिला असेल. तो काढून ९ वॅटचा लावला की ५१ वॅट वाचतात. रोज पाच तास धरलं तर वर्षाला ९३ युनिट. एका घरातल्या एका होल्डरचा हा हिशेब. तेवढ्यासाठी तुमच्या अख्ख्या गावाला जवळजवळ सात वेळा तासभर काळोखात बसावं लागेल. आणि या बल्बसाठी ना पोस्टर लागलं, ना घोषणा.

इतकं सगळं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, काका कार्यक्रम रद्दच करायला सांगणार. नाही. करा. फक्त तो ‘वीज वाचवायचा तास’ म्हणून करू नका, ‘वीज मोजायचा तास’ म्हणून करा.

हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, तो मुलांनी पाहिला असेल. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत बहुधा ३२०० असा आकडा असतो. म्हणजे तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट भरलं. आता घरातले सगळे दिवे बंद करा, बाकी काही हलवू नका, आणि मोबाइलच्या घड्याळावर दोन लुकलुकींमधलं अंतर मोजा. ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की घर त्या क्षणी किती वॅट खातंय ते कळतं. (मीटरवर आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा, ११२५ च्या जागी काय घ्यायचं ते मिळेल. नववीच्या मुलांना जमेल.)

मी माझ्या घरी केलं तेव्हा दिवे बंद असूनही तो नऊ-नऊ सेकंदांनी डोळा मारत होता. म्हणजे सव्वाशे वॅट. फ्रिज चालू होता, त्याचं बटण बंद केलं. तरी पंचेचाळीस सेकंदांनी एक. घरात चिटपाखरू नाही, एकही दिवा नाही, टीव्ही बंद, आणि २५ वॅट कुठेतरी जातायत! शोधत गेलो. सेट टॉप बॉक्सवर हात ठेवला तर कोमट. टीव्ही रिमोटने बंद केला की आपण समजतो डबाही झोपला, तो मात्र रात्रभर जागा. मग राउटर, शिवाय इन्व्हर्टर स्वतःच बॅटरीला घोट घोट पाजत बसलेला. २५ वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला १८ युनिट. पाच बल्ब तासभर बंद ठेवून जे वाचलं, ते हे त्रिकूट पावणेदोन तासांत परत पिऊन टाकतं. मला हे तीस वर्षं विजेच्या कामात काढून ठाऊक नव्हतं. सेट टॉप बॉक्सचं बटण रात्री भिंतीवरूनच बंद करायचं, एवढं आता आमच्याकडे ठरलंय. इन्व्हर्टरला मात्र हात लावत नाही, कोकणात तो चैनीचा विषय नाही.

मुलांना जोड्या करून वाडीवाडीत पाठवा. साडेआठला प्रत्येक घरी दिवे बंद, दहा लुकलुकी मोजायच्या, वहीत लिहायच्या. मग फ्रिज बंद करून परत दहा. फ्रिज फार वेळा सुरू-बंद होतोय असं दिसलं तर दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढून पाहा. सहज सुटली तर रबर गेलंय. आपल्या खाऱ्या दमट हवेत ते लवकर बुरसतं आणि ढिलं पडतं, त्यात पाठीमागच्या जाळीवर गंज आणि आत बर्फाची जाड भिंत, ज्यात गेल्या आठवड्यातला बांगडा रुतलाय. ज्यांच्या नारळ-पोफळीच्या बागा आहेत त्यांच्याकडे पंपाचीही चौकशी करा. फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) गळत असेल तर दर वेळी पाइपातलं पाणी उतरतं, मोटर आधी हवा खेचत बसते आणि एक तासाचं शिंपणं दीड तासावर जातं. जुन्या पंख्यांची यादीही करून घ्या. जुना पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास खातो, कमी विजेच्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा तिशीत भागवतो, आणि आपल्याकडे पंखा थांबतो कधी? घरोघरच्या या नोंदी एकत्र केल्या की त्यातून गावाचं जे चित्र निघेल ते कुठल्याही पोस्टरपेक्षा बोलकं असेल.

आता ज्या गोष्टीमुळे मला तुमचं पत्र इतकं आवडलं, तिच्याकडे येतो. मार्चअखेर हा ऑलिव्ह रिडले कासवांचा हंगाम. वेळास, आंजर्ले, गुहागर हे सगळं तुमच्या उशाशीच. माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वाळूत येतात, एकेक मादी शंभरेक अंडी घालते आणि पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. अंड्यांतून वर आलेलं पिल्लू समुद्र ओळखतं ते उजेडावरून. रात्री पाण्याकडचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं, तिकडे ते धावतं. मागे हॅलोजन लावला असेल तर ते पाठ फिरवून बागेकडे, रस्त्याकडे जातं. मादीसुद्धा लखलखत्या किनाऱ्यावर चढायला कचरते. कासवमित्र घरटी शोधून कुंपणात सांभाळतात आणि पिल्लं सकाळ-संध्याकाळी सोडतात, म्हणून आपल्याला हे फारसं दिसत नाही. पण त्यांच्या नजरेतून सुटलेल्या घरट्याचं काय?

म्हणजे तुमच्या गावात काळोखालाच किंमत आहे, साडेतेरा युनिटांना नाही. (उजेडाने जनावर फसतं हे आपल्या कोळ्यांना कुणी शिकवायला नको. एलईडी लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी त्यावरून किनाऱ्यावर भांडणं चालूच आहेत.) आणि इथे एक तास पुरत नाही. पूर्ण हंगाम लागतो. त्यामुळे ग्रामपंचायत तयार आहे म्हणता ना, तर तिच्याकडे तासाऐवजी हे मागा: किनाऱ्यावर हायमास्ट (उंच खांबावरचा मोठा दिवा) असेल तर तो नोव्हेंबर ते मे रात्री दहानंतर बंद, समुद्राकडे तोंड केलेल्या दिव्यांना टोपी घालून उजेड खाली, आणि पांढऱ्याऐवजी पिवळे-तांबूस दिवे. रिसॉर्टवाल्यांना मुलांनी जाऊन विचारावं, मोठ्यांनी नाही. मुलांना ते नाही म्हणत नाहीत. हिरवळीवरचा फोकस बंद केला तर त्यांचंही बिल कमीच येईल आणि पाहुण्यांना तारे दिसतील, हे हळूच सुचवा.

दोन-तीन किरकोळ गोष्टी. तारीख नक्की करताना शिमग्याची पालखी त्या रात्री कुठल्या वाडीत आहे ते मानकऱ्यांना विचारा, पालखीपुढे काळोख केलात तर पुढची दहा वर्षं तुमचं नाव निघेल. एसटी थांबा, जेट्टी आणि आरोग्य उपकेंद्र इथले दिवे चालूच ठेवा. मोजणीला फिरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात टॉर्च आणि पायात बूट हवेत, मार्चमध्ये फुरसं बाहेर असतं. आणि मेणबत्त्या नकोत, पणत्याही नकोत.

सासऱ्यांना त्या संध्याकाळी डीपीखाली खुर्ची टाकून बसवा आणि मुलांना एकेक करून त्यांच्याकडे पाठवा. खांबावर चढून फेज जोडण्यात किती जोखीम असते, निसर्ग वादळानंतर गावात लाइट कशी आली, हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या. मीटर मोजण्याची पद्धतही त्यांनीच दाखवावी, माझं नाव सांगू नका.

आकडे मला नक्की पाठवा. तुमच्या घरचा वेगळा लिहा, दहा लुकलुकी किती सेकंदांत झाल्या तो. सासरे म्हणतील, आपल्या घरात काही वाया जात नाही. पैज लावायला हरकत नाही.

– काका